क्षमता नियोजन (संगणक प्रणाली)

संगणक प्रणालीवर पुढे किती काम येईल, हाती असलेल्या यंत्रांना ते किती वेळात उरकेल आणि कोणता भाग आधी कमी पडेल, याचा मोजमापावरून आगाऊ काढलेला हिशेब. चालू प्रणाली मोजून तिचे वागणे समजून घेणे म्हणजे कार्यमान विश्लेषण. ते केल्याशिवाय केलेल्या नियोजनात नुसती यंत्रखरेदी होते.

या शास्त्राचे मूळ टेलिफोनमध्ये आहे. कोपनहेगन टेलिफोन कंपनीतील आग्नर एर्लांग यांनी १९०९ मध्ये कॉल कसे येतात याचे गणित मांडले; किती लाइनी टाकल्या म्हणजे पुरतील, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. सर्व्हरबाबत, म्हणजे अनेकांच्या विनंत्या पुऱ्या करणाऱ्या संगणकाबाबत, आजही तोच प्रश्न विचारला जातो.

रांग कशी वाढते हे इंदूरकराला सकाळच्या पोह्यांच्या ठेल्यावर कळते. समजा, वाढणारा एकच आहे आणि एका गिऱ्हाइकाला सरासरी अर्धा मिनिट लागतो. लोक घड्याळ लावून दर अर्ध्या मिनिटाला एक असे आले आणि प्रत्येकाला नेमका तितकाच वेळ लागला, तर रांग लागणारच नाही. पण कधी चौघे एकदम येतात, कधी कोणीच नसते. कोणाला एक प्लेट हवी असते, कोणाला घरच्या सहा जणांसाठी पोहे-जिलेबी बांधून हवी असते. अशा अनियमित येण्याजाण्यात वाढणाऱ्याचा निम्मा वेळ कामात जात असेल, तर पोहे हाती पडायला सरासरी १ मिनिट लागतो. तो ९० टक्के वेळ गुंतलेला असेल तर ५ मिनिटे आणि ९५ टक्के गुंतला की १० मिनिटे. सूत्र सोपे आहे : सेवेचा वेळ भागिले मोकळ्या वेळेचा अंश. प्रोसेसरच्या आलेखावर ९० टक्के पाहून ‘अजून १० टक्के शिल्लक आहेत’ असे म्हणणारा इथेच फसतो. पुढच्या अवघ्या ५ टक्क्यांत प्रतिसादकाळ दुप्पट होतो. प्रोसेसर अनेक असतील तर ही चढण उशिरा सुरू होते, पण टळत नाही.

दुसरा आधार जॉन लिटल यांच्या नियमाचा. त्याची सिद्धता त्यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. आत असलेल्यांची संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा मुक्काम. रात्री दागिन्यांची दुकाने बंद झाल्यावर सराफ्यातल्या खाऊगल्लीत मिनिटाला ४० जण शिरत असतील आणि प्रत्येक जण ४५ मिनिटे रमत असेल, तर गल्लीत सरासरी १,८०० माणसे असणार. येण्याची तऱ्हा कशीही असो, दीर्घ सरासरीत हे खरे ठरते. सर्व्हरवर सेकंदाला २०० विनंत्या आल्या आणि प्रत्येकीला अर्धा सेकंद लागला, तर एका वेळी १०० विनंत्या आत असतात. डेटाबेस मंदावून तोच वेळ २ सेकंद झाला की आकडा ४०० वर जायला हवा. एका वेळी उघडता येणाऱ्या जोडण्याच २०० ठेवल्या असतील, तर बाकीच्या विनंत्या बाहेर ताटकळतात. तेव्हा वेब सर्व्हरचा प्रोसेसर निवांत दिसतो, लोक मात्र ‘साइट लटकली’ म्हणतात. अशा वेळी वेब सर्व्हर वाढवून काही साधत नाही. उलट मंदावलेल्या डेटाबेसवर भार आणखी पडतो.

जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवलेली मर्यादाही जमेस धरावी लागते : कामाचा ५ टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर कितीही प्रोसेसर जोडले तरी वेग २० पटींच्या पुढे जात नाही.

मोजताना सरासरीवर विसंबणे ही माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत महाग चूक आहे. शंभरांतील ९८ विनंत्यांना ०.१ सेकंद आणि दोनांना १० सेकंद लागले, तर सरासरी सुमारे ०.३ सेकंद येते. हा अनुभव शंभरांतील एकालाही आलेला नसतो. म्हणून ९५ वा आणि ९९ वा शतमक पाहतात, म्हणजे शंभरांतील ९५ किंवा ९९ विनंत्या ज्या वेळाच्या आत उरकतात तो वेळ. एका पानासाठी आतल्या ५० सेवांना विचारावे लागत असेल आणि प्रत्येक सेवा शंभरातून एकदाच रेंगाळत असेल, तरी जवळजवळ ४० टक्के पाने रेंगाळतात.

नियोजन गर्दीच्या क्षणासाठी करायचे असते. राजवाड्यापुढची एरवीची वर्दळ मोजून रंगपंचमीच्या गेरीचा, म्हणजे रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीचा, बंदोबस्त कोणी ठरवत नाही. गेरीची तिथी पंचांगात असते. निकालाचा दिवस, अर्ज भरण्याची शेवटची तारीख, दिवाळीची खरेदी याही आधी कळतात. अशा दिवसांच्या जुन्या नोंदी काढून, त्यात वाढ धरून, तितका कृत्रिम भार प्रणालीवर टाकून पाहतात. क्लाउडमध्ये यंत्रे आपोआप वाढवता येतात. पण नवे यंत्र सुरू होऊन कामाला लागेपर्यंत वेळ जातो, आणि सगळ्यांच्या नोंदी लिहून घेणारा एकच डेटाबेस तितक्या सहज वाढत नाही. शिवाय सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की एका विनंतीला लागणारा वेळ बदलतो आणि मोजमाप पुन्हा घ्यावे लागते.