ड्रोनच्या संदेशाला सही हवी की कुलूप?

पुण्याच्या बुधवार पेठेत सुटे भाग घ्यायला निघालेल्या कॉलेजच्या टीमच्या यादीत ‘एन्क्रिप्शनवाला टेलिमेट्री रेडिओ’ असतोच, म्हणजे ड्रोन आणि जमिनीवरचा लॅपटॉप यांच्यात संदेश नेणारा रेडिओ. तो लावला की ड्रोन सुरक्षित झाला, असं धरून चालतात. इथेच घोळ होतो. एन्क्रिप्शन म्हणजे कुलूप: मजकूर परक्याला वाचता येत नाही. साइनिंग म्हणजे सही: मजकूर कोणी पाठवला आणि वाटेत त्यात फेरफार झाला का, ते कळतं. कुलूप असलं म्हणजे सहीही आली, असं होत नाही.

पेशवे दप्तरातली पत्रं आठवा. मजकूर संपला की शेवटी ‘लेखनसीमा’चा शिक्का, म्हणजे खाली कोणाला ओळ घुसडता येऊ नये. पत्र कोणीही वाचावं, वाढवू मात्र नये. मॅव्हलिंक 2 ही ड्रोन आणि लॅपटॉप यांच्यातल्या संदेशांची भाषा; तिची सही अगदी याच जातीची. पॅकेटच्या, म्हणजे एका संदेशाच्या, शेवटी 13 बाइट जोडले जातात: 1 बाइट लिंक आयडी, 6 बाइट वेळ आणि 6 बाइट सही. 32 बाइटांची गुप्त चावी, पॅकेट, लिंक आयडी आणि वेळ यांचा मिळून एसएचए-256 हॅश, म्हणजे ठरावीक लांबीचा ठसा, काढतात. त्याचे पहिले 48 बिट म्हणजे सही. मजकूर उघडाच राहतो.

48 बिट ऐकायला कमी वाटतात. पण शक्यता 281 लाख कोटींच्या वर आहेत आणि 57,600 बॉडच्या (सेकंदाला 5,760 बाइटांच्या) पोर्टवरून सेकंदाला साधारण 170 सही केलेले हार्टबीट (‘मी चालू आहे’ सांगणारे छोटे संदेश) जातात. अंदाजाने सही जुळवायला पन्नास हजार वर्षं लागतील. खरी भीती कच्च्या परवलीची. ग्राउंड स्टेशनमध्ये (लॅपटॉपवरच्या ड्रोनच्या प्रोग्राममध्ये) टाइप केलेल्या वाक्याचा हॅश हीच चावी होते, त्यामुळे टीमचं नाव आणि पुढे 411038 हा पिनकोड असं काही ठेवलं, तर हवेतून पकडलेल्या एकाच पॅकेटवर घरी बसून नेहमीचे शब्द एकेक करून ताडून पाहता येतात.

खर्च किती? हार्टबीट 21 चा 34 बाइट होतो. सेकंदाला 50 संदेश असतील तर 650 बाइट जास्त, म्हणजे त्याच पोर्टच्या क्षमतेचा जेमतेम 11 टक्के.

आता नुसतं कुलूप लावून पाहू. एईएस सीटीआर या एन्क्रिप्शनच्या पद्धतीत लपवलेल्या मजकुराचा एक बिट उलटवला, की उघडल्यावर नेमका तोच बिट उलटलेला निघतो. पॅकेटमध्ये उंचीचा आकडा कुठे असतो ते प्रोटोकॉलच्या कागदात लिहिलेलंच आहे. ‘पण चुका पकडणारी बेरीज, सीआरसी, आहे ना!’ आहे, पण ती रेडिओतल्या खरखरीसाठी. कोणते बिट उलटवले ते माहीत असेल, तर सीआरसीत काय बदलायचं तेही चावीशिवाय काढता येतं. जुन्या वायफायच्या वेप या एन्क्रिप्शनमध्येही ही खोड होती. शिवाय संदेशांच्या क्रमांकांची मोजणी तपासली जात नसेल, तर काल रेकॉर्ड केलेली ‘उतर’ ही आज्ञा आज पुन्हा सोडली तरी ड्रोन उतरतो.

सिक या टेलिमेट्री रेडिओचा नेट आयडी मुळातल्या 25 वरून बदलणं किंवा एक्सप्रेसएलआरएस या रिमोटच्या रेडिओचा बाइंडिंग फ्रेज (जोडीचा शब्द) ठेवणं, ही तर दोन्हींपैकी काहीच नाही. शेजारच्याच्या रेडिओशी गल्लत होऊ नये, एवढीच ती सोय.

सहीचंही एक दुखणं आहे: घड्याळ. वेळ 1 जानेवारी 2015 पासून 10 मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांत मोजतात. आधीच्या पॅकेटपेक्षा जुनं पॅकेट नाकारलं जातं. नव्या जोडणीचं पहिलं पॅकेट ड्रोनच्या वेळेपेक्षा एका मिनिटाहून मागे असेल तरीही. एखाद्या लॅपटॉपची तारीख चुकून महिनाभर पुढे असेल, तर ड्रोन सही बरोबर म्हणून ती वेळ स्वीकारतो आणि नंतर बरोबर घड्याळाचा दुसरा लॅपटॉप त्याला ‘जुना’ वाटतो. रेडिओ बदलून उपयोग नाही. तारीख दुरुस्त करा, यूएसबीने जोडा, चावी पुन्हा भरा. चावी एरवीही यूएसबीनेच भरावी. रेडिओवरून पाठवली तर ती उघडीच जाते.

दोन्ही हवं असेल, म्हणजे ठिकाण किंवा मोहीमही लपवायची असेल, तर दोन्ही एकत्र देणारी पद्धत घ्या. ड्रोनच्या कंट्रोलरमधल्या एसटीएम32एफ405 चिपमध्ये एईएसचं हार्डवेअर नाही, त्यामुळे चाचा20-पॉली1305 बरी पडते: 12 बाइट नॉन्स (दर संदेशाला नवा, एकदाच वापरायचा आकडा), 16 बाइट टॅग (इथली सही). एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेने 2023 मध्ये हलक्या उपकरणांसाठी निवडलेलं ॲस्कॉनही आहे. जपायचं ते नॉन्सला. बॅटरी बदलल्यावर नॉन्सची मोजणी शून्यापासून सुरू झाली आणि चावी तीच राहिली, तर कुलूपही गेलं आणि सहीही. मोजणीची 1,000 ची पुढची पायरी आधी एफरॅममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहायची, मग ती पायरी येईपर्यंतचे नॉन्स वापरायचे आणि चालू होताना लिहिलेल्या पायरीपासून सुरुवात करायची. मध्ये काही आकडे वाया गेले तरी चालतील.

सही लागली का, हे पाहायला पंखे काढा आणि चावी नसलेल्या पायमॅव्हलिंक (पायथॉनमधून मॅव्हलिंक बोलणाऱ्या) स्क्रिप्टने रेडिओवरून ड्रोनला जोडा. ड्रोन जे काही पाठवत असेल, ते वाचता येईल. आर्मची, म्हणजे मोटर सुरू करण्याची, आज्ञा पाठवली की ड्रोनने होकार किंवा नकार, काहीच उत्तर द्यायला नको. हीच चाचणी यूएसबीवर केलीत तर फसाल: आर्डुपायलट (ड्रोनमधलं उड्डाणाचं सॉफ्टवेअर) तिथे बिनसहीची आज्ञाही घेतो.