गूळ-दुधाने थिनर उतरत नाही

रंगाच्या कारखान्यात पाळी संपली की गुळाचा खडा आणि पेलाभर दूध. ‘छातीत गेलेलं सगळं धुऊन निघतं,’ असं जुने कामगार सांगतात. निघत नाही. दूध जातं पोटात. रंग पातळ करणाऱ्या थिनरची वाफ जाते फुप्फुसात आणि तिथून थेट रक्तात. दोघांची गाठच पडत नाही. दूध जरूर प्या, पण भूक लागली म्हणून. (मालकालाही हा समज सोयीचाच, पेला मास्कपेक्षा स्वस्त पडतो.)

तोंडाला बांधलेल्या रुमालाचंही तेच. धूळ थोडीफार अडते, वाफ आरपार जाते. वाफेसाठी सक्रिय कोळशाची (वाफ शोषून धरणाऱ्या खास कोळशाची) डबी असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. कोळसा वाफेने पूर्ण भरला की डबीही निकामी होते. मास्कच्या आत थिनरचा वास आला, तर ती आधीच बदलायला हवी होती.