टर्मिनेट : शिवेच्या दगडापासून नोकरीच्या पत्रापर्यंत

लालबागच्या चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत राहणारे काका एका संध्याकाळी टाइप केलेलं पत्र घेऊन आले. गिरणी संपाच्या नंतरचे दिवस. मी शाळेत होतो, इंग्रजी बरं होतं, म्हणून मजल्यावरची सगळी इंग्रजी पत्रं माझ्याकडे यायची. त्यात एक ओळ होती : ‘युअर सर्व्हिसेस स्टँड टर्मिनेटेड.’ शब्दकोश काढला, बोट ठेवून अर्थ शोधला आणि म्हणालो, “काका, तुमची सेवा समाप्त झाली आहे.”

गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, अर्धं आयुष्य गेलेल्या त्या माणसाने विचारलं, “झाली, की केली?”

त्या प्रश्नाने मला ‘टर्मिनेट’चा नाद लावला, तो अजून सुटलेला नाही.

हा शब्द मुळात लॅटिन. ‘टर्मिनस’ म्हणजे हद्द, हद्दीचा दगड. रोमन लोकांनी या दगडाला देव मानलं होतं. दर २३ फेब्रुवारीला त्याचा सण असे. दोन शेतांचे मालक आपापल्या बाजूने दगडाला हार घालत, नैवेद्य दाखवत. आपल्याकडे बांधावरच्या दगडाला शेंदूर लागतो, तशीच ही श्रद्धा. म्हणजे ‘टर्मिनेट’चा पहिला अर्थ हद्द आखणे. संपवणे हा अर्थ त्यातून पुढे निघाला. ‘टर्म’ म्हणजे मुदत, ती याच घरातली, काळाची हद्द. ‘एक्स्टर्मिनेट’ म्हणजे आज समूळ नष्ट करणे, पण मुळात हद्दीबाहेर हाकलणे.

मुंबईकराला हे समजायला रोमला जायची गरज नाही. मध्य रेल्वेवर शीव आहे. शीव म्हणजे सीमा. मुंबईचं बेट जिथे संपून उत्तरेकडचं साष्टी बेट सुरू व्हायचं, तिथलं हे नाव. इंग्रजीत त्याचं ‘सायन’ झालं आणि अर्थ झाकला गेला. एकाच मार्गावर एक स्थानक मराठीतून हद्द सांगतं आणि दुसरं, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, लॅटिनमधून. मला ही जोडी फार आवडते.

अर्थात रेल्वेचा टर्मिनस हा वेगळा प्रवास. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, ३४ किलोमीटर. पुढे १८७८ मध्ये नव्या इमारतीचं काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं, आणि १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली म्हणून ‘व्हिक्टोरिया टर्मिनस’ नाव मिळालं. १९९६ मध्ये व्हिक्टोरिया जाऊन छत्रपती शिवाजी आले, २०१७ मध्ये ‘महाराज’ जोडलं गेलं. नाव दोनदा बदललं, पण ‘टर्मिनस’ला कुणी हात लावला नाही. तो आता आपलाच शब्द झाला आहे. कुर्ल्याला लोकमान्य टिळक टर्मिनस आहे, वांद्र्यालाही टर्मिनस आहे.

इंग्रजीत या अर्थाचे शब्द थरांनी साचले. ‘एंड’ हा जुना घरचा शब्द, ‘फिनिश’ फ्रेंचांकडून आलेला, ‘टर्मिनेट’ थेट लॅटिन पोथ्यांतून. ‘कन्क्लूड’मध्ये दार मिटण्याची कल्पना आहे, ‘स्टॉप’मध्ये भोक बोळ्याने बुजवण्याची. म्हणून बोलताना काम फिनिश होतं, भाषण कन्क्लूड होतं, आणि कागदावर करार टर्मिनेट होतो. हा शब्द कार्यालयाचा, वकिलाचा. त्यात कर्ता सहज लपतो.

कायद्यात तर एकेका पर्यायावर माणसाचं पोट अवलंबून असतं. राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदात बडतर्फ करणे आणि पदावरून दूर करणे हे दोन वेगळे शब्द आहेत. बडतर्फ झालेल्याला साधारणपणे पुन्हा सरकारी नोकरी मिळत नाही. दूर केलेल्याला ती वाट बंद नसते. कामगाराच्या बाबतीत १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ‘रिट्रेंचमेंट’ची, म्हणजे कपातीची, व्याख्या केली : शिक्षा म्हणून नव्हे तर इतर कोणत्याही कारणाने मालकाने केलेलं टर्मिनेशन. तसं झालं, तर सलग किमान वर्षभर काम केलेल्याला एक महिन्याची नोटीस आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागे. मग तात्पुरत्या नेमणुकीची मुदत आपोआप सरली, तर ते टर्मिनेशन का? एका बँकेच्या तात्पुरत्या रोखपालाच्या खटल्यात १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हो म्हटलं. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांचं म्हणणं असं, की टर्मिनेशनमध्ये मालकाने नोकरी संपवणं तर येतंच, पण ती कशाही प्रकारे संपली ही वस्तुस्थितीही येते. पुढे १९८४ मध्ये संसदेने दुरुस्ती केली आणि कराराची मुदत संपून गेलेली नोकरी कपातीच्या व्याख्येतून वगळली.

संपवणं आणि संपणं. निकाल वाचताना अंगावर काटा आला. काकांनी विचारलं होतं ते हेच.

मराठीत हा फरक क्रियापदाच्या पोटातच आहे. धान्य सरतं, काम उरकतं, समारंभ आटोपतो, भांडण मिटतं, व्रताचं उद्यापन होतं, सप्ताहाची सांगता होते. सभा तहकूब होते तेव्हा ती पुन्हा भरणार असते, बरखास्त होते तेव्हा नाही. आणि जिथे शेवट उच्चारायलाच जीव धजत नाही, तिथे आपण उलटा शब्द घेतो : नारळ वाढवतो, बांगडी वाढवतो. चाळीखालचा वाणी रात्री फळ्या लावताना ‘दुकान बंद करतो’ असं कधी म्हणाला नाही, ‘वाढवतो’ म्हणायचा. निघणारा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. गणपतीला पाण्यात सोडतानाही पुढच्या वर्षाचं आमंत्रण देतो.

गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख लोक होते. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. माणसं मात्र एकेक करून पत्रांनी संपवली गेली, आणि त्या पत्रांत ‘आम्ही’ हा शब्द शोधावा लागायचा.

त्या संध्याकाळी मी शब्दकोशात पुन्हा डोकं घातलं, अजून सौम्य काही मिळतं का ते बघायला. काकांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, घडीवर घडी घालून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं आणि दारातून आत बघत काकूंना म्हणाले, “काढलं गं.”