इंधन पंपातील बिघाडाची लक्षणे

वाहनाच्या टाकीतील इंधन ठरावीक दाबाने इंजिनापर्यंत पोहोचवणारा पंप निकामी होऊ लागल्याची चिन्हे. इंजेक्शन प्रणालीच्या (इंधन दाबाने फवारणाऱ्या) पेट्रोल मोटारींत हा पंप विजेवर चालतो, सामान्यतः टाकीतच पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि बहुतेक गाड्यांत सुमारे ३ ते ४ बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) दाब निर्माण करतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही प्रदूषणविषयक मानके लागू झाल्यानंतर नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर (हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणारा जुना भाग) जवळपास हद्दपार होऊन इंजेक्शन प्रणाली आली, त्यामुळे पुढील बहुतेक विवेचन स्कूटर आणि मोटारसायकलींनाही लागू पडते.

पंप क्वचितच एकाएकी बंद पडतो; बहुधा तो हळूहळू अशक्त होत जातो, आणि ही अशक्तता सर्वांत आधी चढावर उघडी पडते. गाडी जागेवर चालू असताना इंजिनाला इंधन थोडेच लागते, ते झिजलेला पंपही पुरवू शकतो. मुंबईहून नाशिककडे येताना भरलेली गाडी कसारा घाट चढू लागली, की इंधनाची मागणी अनेक पटींनी वाढते, दाब खाली येतो, हवा-इंधनाच्या मिश्रणात इंधन कमी पडते आणि इंजिन ‘मिसिंग’ करू लागते, म्हणजे ज्वलन मधूनमधून चुकते. नाशिक शहरातील सपाट रस्त्यांवर निर्दोष वाटणारी गाडी घाटात पिकअप सोडते, ॲक्सिलरेटर दाबूनही वेग धरत नाही किंवा झटके देते, ते याच कारणाने. वेग आपोआप कमी-जास्त होणे हेही याच प्रकारातले लक्षण आहे.

दुसरे महत्त्वाचे लक्षण उष्णतेशी निगडित आहे. पंपाच्या मोटरमधील ब्रश (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजले, की ती तापल्यावर अडखळते. गाडी बंद पडते आणि अर्ध्या-पाऊण तासाने काहीच न झाल्यासारखी पुन्हा सुरू होते. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास असताना हा दोष अधिक जाणवतो. पंपाला थंड ठेवण्याचे काम भोवतालचे पेट्रोलच करीत असल्याने गाडी कायम रिझर्व्हवर चालवणे त्याचे आयुष्य घटवते. टाकीतून येणारी बारीक गुणगुण पूर्वीपेक्षा मोठी किंवा कर्कश होणे, हीही सूचना समजावी.

सकाळी पहिल्यांदा सेल्फ बराच वेळ मारावा लागत असेल, मात्र चावी दोन-तीनदा चालू-बंद करून मग सेल्फ मारल्यास गाडी लगेच सुरू होत असेल, तर पंपातील एकमार्गी झडप दाब धरून ठेवत नसल्याची शक्यता असते. गळका इंजेक्टरही हेच लक्षण दाखवतो. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद ऐकू येणारा पंपाचा आवाज अजिबात येत नसेल, तर आधी फ्यूज, रिले (पंपाचा वीजपुरवठा चालू-बंद करणारा स्विच) आणि वायरिंग तपासावे. टाकीला खालून थोपटल्यावर बंद पंप कधीकधी चालू होतो; हा उपाय गाडी गॅरेजपर्यंत नेण्यापुरताच मानावा.

वरील जवळजवळ प्रत्येक लक्षण तुंबलेला फिल्टर, नादुरुस्त इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) किंवा क्रँक सेन्सर (इंजिनाचे फिरणे टिपणारा) यांमुळेही दिसू शकते. म्हणून दाबमापक न लावता थेट पंप बदलणे हा निदानाऐवजी अंदाजाचा मार्ग होय, आणि तो बहुधा महागात पडतो. दाब चावी दिल्यावर, इंजिन चालू असताना, भार पडल्यावर आणि बंद केल्यानंतर काही मिनिटांनी असा मोजावा. गाडीच्या संगणकातील दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर दिसणारा पी००८७ हा कोड इंधनाचा दाब कमी असल्याचे सांगतो, दोषी भाग कोणता ते सांगत नाही.

जुन्या कार्ब्युरेटर मोटारींतील यांत्रिक पंपाचा पडदा फाटल्यास पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी वाढते व त्याला पेट्रोलचा वास येतो. अशा स्थितीत गाडी चालवू नये.

डिझेल वाहनांची बाब वेगळी आहे. नाशिककरांच्या तोंडी आजही ‘मायको’ हे जुने नाव असलेल्या बॉशच्या सातपूर येथील कारखान्यात डिझेल इंजेक्टर आणि नोझल बनतात. अशा इंजेक्टरांना इंधन देणाऱ्या कॉमन रेल प्रणालीतील (सर्व इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून इंधन देणाऱ्या) दाब हजार बारपेक्षाही अधिक असू शकतो. पंप कमजोर झाल्यास सुरू होण्यातील विलंब आणि ताकद घटणे ही लक्षणे येथेही दिसतात. परंतु इतक्या दाबाची धार त्वचा भेदून आत शिरू शकत असल्याने इंजिन चालू असताना पाइपचा नट सैल करून पाहण्याची जुनी पद्धत या गाड्यांवर वापरू नये.