चार विश्वचषक, दोन ट्राय

दक्षिण आफ्रिकेने रग्बीचा विश्वचषक चारदा जिंकला: १९९५, २००७, २०१९ आणि २०२३. या चारही अंतिम सामन्यांत मिळून त्यांनी ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवणं) केले फक्त दोन. बाकी सगळे गुण चेंडू पायाने मारून मिळवलेले. दोन्ही ट्राय २०१९ मध्ये योकोहामात इंग्लंडविरुद्ध झाले आणि दोन्ही विंगरांनी, म्हणजे कडेला खेळणाऱ्यांनी, केले. ६६व्या मिनिटाला माकाझोले मापिम्पी, ७४व्या मिनिटाला चेस्लिन कोल्बे.

विंगरचं काम ट्राय करणं, असं आपण समजतो. मग ज्या संघाला अंतिम सामना ट्रायशिवाय जिंकायची सवय आहे, तो संघ विंगर निवडताना नेमकं काय बघत असेल?

आधी मैदान डोळ्यांसमोर आणू. पंधरा खेळाडू, त्यांत चेंडूसाठी झटापट करणारे आठ दांडगे फॉरवर्ड आणि त्यांच्या मागे पसरलेले सात बॅक. रुंदी जवळपास ७० मीटर. ११ आणि १४ क्रमांकाचे विंगर दोन्ही कडांना. चेंडू बहुतेक वेळ मधल्या गर्दीत असतो आणि विंगरच्या वाट्याला येतो तो कधीतरी, पण आला की समोर मोकळी जागा आणि एखाददुसराच बचावपटू.

अशा वेळी सगळ्यात सोपा उपाय म्हणजे बचावपटूच्या अंगावरून जाणं. जोना लोमूने १९९५ मध्ये तेच केलं. न्यूझीलंडचा हा वीस वर्षांचा विंगर १.९६ मीटर उंच आणि ११९ किलोच्या आसपास वजनाचा. केपटाउनच्या उपांत्य सामन्यात त्याने इंग्लंडविरुद्ध चार ट्राय केले, माइक कॅटला तर अक्षरशः तुडवून. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. लोमू सेकंदाला ९ मीटर वेगाने पळतोय असं धरलं तर त्याचा संवेग हजाराच्या वर जातो. त्याच वेगाने पळणाऱ्या ७८ किलोच्या माणसाचा होतो सातशे. त्यानंतर काही वर्षं जगभरचे प्रशिक्षक आपापला लोमू शोधत फिरले यात नवल नाही.

पण त्या गुणाकारात वेगही आहे. सहा दिवसांनी अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने लोमूला वेग घ्यायला सवडच दिली नाही. चेंडू हातात पडताच कुणीतरी त्याच्या पायांशी, मागोमाग दुसरा, तिसरा. वेग शून्याच्या जवळ असेल तर ११९ किलोंचाही फारसा उपयोग नाही. लोमूला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कारकिर्दीत एकही ट्राय करता आला नाही.

कोल्बे याच्या अगदी उलट टोकाला. उंची १.७१ मीटर, वजन पंच्याहत्तर-ऐंशी किलो. मायदेशी त्याच्या उंचीवरून बरंच बोललं गेलं. २०१७ मध्ये तो फ्रान्सच्या तुलूझ क्लबकडे गेला. परदेशी क्लबात खेळणाऱ्याला राष्ट्रीय संघात घ्यायचं तर त्याच्या नावावर किमान ३० कसोट्या (आंतरराष्ट्रीय सामने) हव्यात, असा तेव्हाचा नियम होता. रासी इरॅस्मस प्रशिक्षक झाल्यावर तो सैल झाला आणि २०१८ मध्ये कोल्बेचं पदार्पण झालं. माझ्या मते त्या काळातला हा सगळ्यात मोलाचा निर्णय, आणि तो मैदानावर नव्हे, कागदावर झाला.

कोल्बेची ताकद आहे दिशा बदलण्यात. खो-खोतला तरबेज पळणारा जशी हुलकावणी देतो, तशीच. त्यामागचं गणित मात्र बघण्यासारखं आहे. समजा खेळाडू सेकंदाला ६ मीटर वेगाने पळतोय आणि वेग न घालवता त्याला ४५ अंशांत वळायचंय. यासाठी वेगात साडेचार मीटरहून थोडा जास्त बदल लागतो, आणि तोही एकाच पावलात. ते पाऊल जमिनीला टेकलेलं असतं जेमतेम पाव सेकंद. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास दुपटीएवढं त्वरण, तेही आडवं. ७८ किलोच्या माणसाला त्यासाठी जमीन सुमारे १५० किलो वजनाएवढ्या जोराने बाजूला रेटावी लागते. ११९ किलोच्या माणसाला सव्वादोनशे किलोच्या आसपास. आता शरीर मोठं होतं तेव्हा वजन घनफळाच्या हिशोबाने वाढतं, पण स्नायूंची ताकद त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या हिशोबाने. त्यामुळे वळणावर मोठ्या देहाला कर्ज काढूनच खेळावं लागतं.

हेच वळण ९ मीटरच्या वेगाने घ्यायचं म्हटलं तर लागणारा जोर दीडपट होतो आणि बहुतेकांचा घोटा, गुडघा तिथे हात टेकतो. म्हणून चांगला विंगर वळण्याच्या एक पाऊल आधी ब्रेक लावतो. त्या अलीकडच्या पावलात गुडघा वाकतो, कंबर खाली येते, आणि बचावपटूला वाटतं, हा आता थांबला. माणसाला समोरचं पाहून हालचाल सुरू करायला पाव सेकंद तरी लागतोच. तेवढ्यात विंगर दीड मीटर पलीकडे. २०१९च्या अंतिम सामन्यात ७४व्या मिनिटाला इंग्लंडच्या ओवेन फॅरेलची अशीच फसगत झाली आणि पुढे कोल्बेला कुणी हात लावू शकलं नाही. निव्वळ शंभर मीटरची वेळ बघून विंगर निवडू नये, ते यासाठी. पळणारे पुष्कळ भेटतात, इतक्या वेगातून असं थांबणारे कमी.

कोल्बे सात-सात खेळाडूंच्या रग्बीतून आला, २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याने कांस्यपदक मिळवलं. तिथे मैदान तेवढंच, माणसं निम्म्याहून कमी. त्यामुळे एकास एक गाठ सतत पडते. भारतातही हल्ली मुख्यतः हाच प्रकार चालतो. पावसाळ्यात बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर डोकावलंत तर रग्बी बघायला मिळेल. (अभिनेते राहुल बोस भारताकडून खेळायचे, तेही काही काळ उजवे विंगर होते.)

चेंडू हातात नसताना विंगर काय करतो, हा निवडीतला निम्मा भाग. दक्षिण आफ्रिकेचा स्क्रम-हाफ (फॉरवर्डांच्या गर्दीतून चेंडू बाहेर काढणारा) फाफ द क्लर्क गर्दीच्या मागून चेंडू उंच उडवायचा. चेंडू चार सेकंद हवेत राहिला तर हवेचा विरोध सोडून तो वीस मीटर उंच जातो, आणि तेवढ्या वेळात विंगर तीस मीटर धावतो. पुढे कसरत असते उडीच्या वेळेची. लवकर उडी मारली तर चेंडू यायच्या आत पाय जमिनीवर, उशीर केला तर हवेतल्या माणसाला धडक आणि कार्ड. २०२४च्या नोव्हेंबरपासून पंच आणखी कडक झाले: चेंडूमागे धावणाऱ्याची वाट अडवायला झेल घेणाऱ्याच्या साथीदारांची भिंत उभी करता येत नाही. हवेत झेल घेणाऱ्या विंगरांना तेव्हापासून जास्तच मागणी आली आहे.

प्रशिक्षकाला राखीव खेळाडूंचाही हिशोब करावा लागतो. बाकावर आठ जणांना जागा. रिवाज पाच फॉरवर्ड, तीन बॅक असा. इरॅस्मसच्या संघाने २०१९च्या अंतिम सामन्यात सहा-दोन केलं, आणि २०२३च्या अंतिम सामन्यात, तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक जॅक नीनाबर असताना, सरळ सात-एक. ताज्या दमाचे फॉरवर्ड शेवटच्या वीस मिनिटांत प्रतिस्पर्ध्याला दमवतात, पण सातही बॅकसाठी बदली खेळाडू एकच उरतो. त्या दिवशी तो होता विली ल रू. अशा संघात फक्त विंगरच खेळता येणारा विंगर परवडत नाही. कोल्बे फुलबॅक (सगळ्यात मागे राहणारा बॅक) म्हणूनही खेळतो, वेळ पडली तर गोलवर किकही मारतो.

किक अडवतोही. २०२३च्या उपांत्यपूर्व सामन्यात फ्रान्सचा थॉमा रामोस ट्रायनंतरची किक घ्यायला निघाला तसा कोल्बे गोलरेषेवरून सुटला आणि चेंडू हवेत गेल्या गेल्या त्याने अडवला. किकला दोन गुण होते आणि सामना सुटला २९-२८. अशी धाव फारच थोडे विंगर घेतात, कारण दहातल्या नऊ वेळा ती फुकट जाते.

बचावातही दक्षिण आफ्रिकेचा विंगर जुगारच खेळतो. प्रतिस्पर्ध्याची रांग चेंडू बाहेरच्या बाजूला नेत असताना तो कड सोडून आत आणि पुढे झेपावतो. दहा मीटरचा पास सुमारे पाऊण सेकंद हवेत असतो, तेवढ्या वेळात तो पाच-सहा मीटर पुढे आलेला असतो. पास अडला तर ट्राय, हुकला तर मागे सगळं रान मोकळं. २०२३च्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध ७३व्या मिनिटाला कोल्बे असाच झेपावला. पास हाताला लागला, पण हातात बसला नाही. पंचांनी मुद्दाम चेंडू पाडल्याचं ठरवून पिवळं कार्ड दाखवून त्याला मैदानाबाहेर पाठवलं. त्या चुकीवर मिळालेली लांबची पेनल्टी जॉर्डी बॅरेटने बाहेर मारली आणि दक्षिण आफ्रिका १२-११ जिंकली. पुढच्या मोसमात संघ निवडला तेव्हा कोल्बेचं नाव यादीत होतं.