विकिपीडिया आणि विकिस्रोत: चिनी औषधांचं वाचताना नेमकं कुठं काय आहे

चिनी जडीबुटीबद्दल नेटवर शोधताना विकिपीडिया आणि विकिस्रोत दोन्ही समोर येतात, नावात विकि, फाउंडेशन एकच, संपादन कुणालाही करता येतं, त्यामुळे बरेच जण एकीकडचा मजकूर दुसरीकडचा समजून फॅमिली ग्रुपवर टाकतात. मला याची खरंच काळजी वाटते कारण विषय औषधाचा आहे.

विकिस्रोत म्हणजे ग्रंथालय. जुनं पुस्तक घ्यायचं आणि जसंच्या तसं टाइप करायचं, बस. ली शिझेन या वैद्यानं १५७८ मध्ये लिहून पूर्ण केलेला 'बेन्त्साओ गांगमू' हा १८९२ औषधांचा ग्रंथ चिनी विकिस्रोतावर वाचायला मिळतो, त्यात पारा आहे, आर्सेनिकची खनिजं आहेत, आणि एखादी गोष्ट आज चुकीची ठरली असली तरी तिथं ती बदलायची नाही, दुरुस्ती फक्त टायपिंगची. विकिपीडियावर उलटं, तिथं आज काय माहीत आहे ते लिहायचं आणि त्याला संदर्भ द्यायचा. इंग्रजी विकिपीडियावर तर औषधाच्या दाव्यांसाठी नियम जास्तच कडक आहेत, उंदरांवरचा एखादा प्रयोग दाखवून 'हे गुणकारी आहे' असं लिहिता येत नाही, अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा लागतो.

फरक खरा कळतो तो छिंगहाव या चिनी औषधी वनस्पतीवरून. चौथ्या शतकात गे हाँग या चिनी वैद्यानं तापासाठी लिहून ठेवलं की मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवा, पिळून रस काढा आणि सगळा प्या. चिनी शास्त्रज्ञ थू योयो यांनी हे वाचलं आणि त्यांच्या लक्षात आलं की अरे, यात उकळणं कुठंच नाहीये, म्हणजे उष्णतेनं औषध नासत असावं! मग त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरून अर्क काढला, १९७१ मध्ये तो मलेरियावर चालला, त्यातून आर्टेमिसिनिन हे मलेरियाचं औषध मिळालं आणि २०१५ मध्ये नोबेल. म्हणजे मूळ ओळ शब्दशः जपलेली असणं किती मोलाचं आहे बघा, कुणी 'सुधारून' त्यात उकळा असं घातलं असतं तर?

पण आता छिंगहाव म्हणजे कुठली वनस्पती? आजच्या चिनी वनस्पतीशास्त्रात हे नाव ज्या झुडपाला आहे त्यात आर्टेमिसिनिन नाहीच, ते आहे आर्टेमिसिया ॲन्युआमध्ये, जिला तिथं ह्वांगह्वाहाव म्हणतात, आणि ली शिझेननं या दोन नावांच्या नोंदी वेगवेगळ्या केल्यात. हा गुंता जुन्या ग्रंथाच्या पानावर सुटत नाही, त्यासाठी विकिपीडियासारख्या ठिकाणी शास्त्रीय नाव बघावंच लागतं. शिवाय जागतिक आरोग्य संघटना मलेरियासाठी आर्टेमिसिया ॲन्युआच्या पाल्याचा चहा वापरू नका असं सांगते, हेही गे हाँगच्या पानावर कुठून असणार.

नावाच्या गोंधळानं माणसं आजारी पडलीत हो. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांमध्ये फांगजी नावाच्या एका चिनी वनस्पतीऐवजी दुसरीच फांगजी गेली, ॲरिस्टोलोकिया या विषारी वनस्पतींच्या गटातली, आणि शंभराहून जास्त जणांच्या, बहुतेक बायकांच्या, किडन्या खराब झाल्या. दोन्हींच्या नावात फांगजी!

म्हणून मी दोन्ही टॅब उघडे ठेवते. ग्रंथात काय लिहिलंय हे विकिस्रोतावर, ते खरं आहे का आणि वनस्पती कुठली हे विकिपीडियावर, तिथंही लेखाच्या खालचे संदर्भ उघडून. घ्यायचं की नाही हे मात्र डॉक्टरांना विचारून.

आणि विकिस्रोतावर स्कॅनवरून टाइप केलेलं पुस्तक असेल तर पानाचा रंग बघा, लाल म्हणजे अजून तपासलेलं नाही, पिवळं म्हणजे एकानं स्कॅनशी ताडून पाहिलंय, हिरवं म्हणजे दुसऱ्यानंही पाहिलंय. मराठी विकिस्रोतावरही हीच पद्धत आहे. पिवळं पान ज्यानं केलं त्याला ते स्वतः हिरवं करता येत नाही, दुसरं कुणीतरी यावंच लागतं.