ताण आणि एकाग्रतेसाठीची वनस्पतिजन्य पूरके

मनावरचा ताण हलका व्हावा किंवा कामात लक्ष टिकावे म्हणून गोळी, कॅप्सूल, चूर्ण वा अर्काच्या रूपात घेतली जाणारी वनस्पतींची उत्पादने. अश्वगंधा, ब्राह्मी, ऱ्होडिओला, जिनसेंग आणि गिंको ही त्यांतली परिचित नावे. यांपैकी काहींना ‘ॲडाप्टोजेन’ म्हणतात. ही संज्ञा सोव्हिएत संशोधक निकोलाय लाझारेव्ह यांनी १९४७ मध्ये मांडली आणि इस्रायल ब्रेखमन यांनी पुढे ती रुजवली. शरीराला कोणताही ताण सोसायला मदत करणारे, पण स्वतः निरुपद्रवी असे द्रव्य, असा तिचा अर्थ. व्याख्या इतकी ऐसपैस आहे की औषधशास्त्राने ती पूर्णपणे स्वीकारलेली नाही.

अश्वगंधेचे मूळ वापरतात. ओल्या मुळाला घोड्यासारखा वास येतो, म्हणून हे नाव. तिच्या शास्त्रीय नावातील ‘सोम्निफेरा’ म्हणजे मात्र झोप आणणारी. दिवसाला ३०० ते ६०० मिलिग्रॅम अर्क सुमारे आठ आठवडे देऊन झालेल्या काही चाचण्यांत ताणाच्या प्रश्नावलीतील गुण आणि रक्तातील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक, दोन्ही उतरलेले दिसले. या चाचण्या बहुतेक लहान होत्या. ब्राह्मी याहून संथ. रोज ३०० मिलिग्रॅम अर्क बारा आठवडे घेतल्यावर वाचलेले किंवा ऐकलेले शब्द उशिराने आठवण्यात काहीसा फरक आढळला. एकाग्रतेबाबतचा पुरावा तितका स्पष्ट नाही. परीक्षा आठवड्यावर आल्यावर सुरू केलेल्या ब्राह्मीला या चाचण्यांचा आधार सापडत नाही. गिंकोचा अनुभव तर बोलका आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ३,०६९ जणांवरील, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज २४० मिलिग्रॅम अर्काने स्मृतिभ्रंश टळला नाही.

खरा घोळ नावांचा आहे. ‘ब्राह्मी’ म्हणून बाकोपा मोनिएरी ही बारीक, मांसल पानांची वनस्पती विकली जाते आणि मंडूकपर्णी, म्हणजे गोलसर, दातेरी पानांची सेंटेला एशियाटिकाही. ताजी पाने शेजारी ठेवली तर फरक लहान मुलालाही कळेल. वाळवून दळलेले हिरवे चूर्ण मात्र नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. शंखपुष्पी या एका नावाखाली तर किमान तीन-चार वेगळ्या वनस्पती येतात.

दुसरा घोळ मात्रेचा. वेष्टनावर ‘अर्क ३०० मिलिग्रॅम, विथॅनोलाइड ५ टक्के’ असे असेल तर कॅप्सूलमध्ये विथॅनोलाइड, म्हणजे अश्वगंधेतील क्रियाशील मानले जाणारे घटक, १५ मिलिग्रॅम. साध्या मुळाच्या चूर्णात हे प्रमाण बहुधा एक टक्क्याहूनही कमी असते, म्हणजे ५०० मिलिग्रॅम चूर्णात पाच मिलिग्रॅमही नाही. मोठा आकडा पाहून घेणारा इथे फसतो, आणि अर्कावर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष चूर्णाच्या डबीवर छापलेला दिसतो तेव्हा तो दावा पोकळ असतो.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. थायरॉइडची संप्रेरके वाढू शकतात. गरोदरपणात अश्वगंधा टाळायला सांगतात. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. ब्राह्मीने मळमळ व पोट बिघडण्याच्या तक्रारी येतात. सेंट जॉन्स वर्ट ही मनःस्थितीसाठी घेतली जाणारी वनस्पती औषधांचे विघटन करणारी यकृतातील विकरे चेतवते, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्यांसह अनेक औषधांचा प्रभाव घटतो. गिंको रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत रक्तस्रावाचा धोका वाढवू शकतो, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी तो घेत असल्याचे डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते. पण ‘औषधे कोणती चालू आहेत?’ या प्रश्नाचे उत्तर देताना अनेक जण ही पूरके औषधांत मोजतच नाहीत.